गळणे आणि जिरणे

आबा,

तुम्ही गेल्याची बातमी मला तुमच्या नातीने इंग्लंडातून दिली. साक्री तालुक्यातल्या तुमच्या गावापासून जळगावचे माझे घर काही तासांच्या वाटेवर, आणि माधुरी समुद्रापलीकडे; तरी गावातून फोन आधी तिला गेला आणि मग तिच्याकडून मला आला. ती रडत नव्हती. "सर, आबा गेले. मला तिकीट मिळेपर्यंत घरचे थांबणार नाहीत, थांबूही नये. तुम्ही जाल का, माझ्या वतीने?" मी जातो म्हणालो. फोन ठेवण्यापूर्वी ती थोडी घुटमळली. "आणि मी तुम्हाला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर आता राहू द्या. घाई नाही."

तिला घाई नव्हती. तुम्हाला होती, आणि तुमच्याही प्रश्नाचे उत्तर मी दिलेले नव्हते. तुम्हा दोघांचा प्रश्न मुळात एकच होता, हे तुमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.

त्याला आज सव्वा महिना झाला. या दिवसांत मी पुष्कळ कागद लिहिले. योजनेच्या कार्यालयाला निवेदन, माझ्या जुन्या विद्यापीठाला पत्र, माधुरीला एक लांबलचक ई-मेल. ते सारे तोलून लिहिले. तुम्हाला लिहिताना तोलण्यासारखे काही उरलेले नाही, तरी सवय जात नाही. वाक्य पुरे झाले की मी थांबतो आणि ते खरे आहे का, हे पुन्हा पाहतो. ही सवय मला तिशीच्या आत लागायला हवी होती.

तुमची माझी पहिली भेट पाटावर झाली. जळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी तेव्हा शिकवत होतो. शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडात पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलो होतो आणि प्रबंधाच्या मोजमापांसाठी तीन महिने परत आलो होतो. अभ्यासक्रमाचे नाव लांब होते. गरीब देशांतल्या पाणीयोजना कशा उभाराव्यात आणि कशा टिकवाव्यात, हा त्याचा गाभा. वर्गात नेपाळची सुशीला होती, घानाचा क्वामे होता, आणखी कुठले कुठले लोक होते. विद्यापीठाच्या आवारात, थंडीने बोटे वळत नसताना, आम्ही हातपंप उघडायचो, आतले वॉशर बदलायचो आणि तो पुन्हा जोडायचो. जोडल्यावर उरलेला एखादा नट क्वामे खिशात टाकी आणि म्हणे, "हा माझ्या देशाला भेट." अशा त्या वर्गात मी अभिमानाने सांगितले होते, की माझ्या खानदेशात पांझरेच्या काठी गावांनी स्वतः चालवलेले पाट आहेत. नदीवर बंधारा, त्याखालची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांचे एकच पीक, आणि पाणी कोणाला कधी द्यायचे ती पाळी बांधून देणारा गावचाच माणूस, म्हणजे पाटकरी. प्राध्यापक म्हणाले, मग दुसरा विषय शोधताच कशाला?

तो पाटकरी तुम्ही होता. खांद्यावर फावडे, धोतर गुडघ्याशी खोचलेले. मी नाव, गाव, शिक्षण, हेतू असे सगळे नीट सांगितले. तुम्ही त्यातले फक्त गाव ऐकलेत.

"असोदा? म्हंजे जयगावना. केयवाला शेस तू!"

तुमच्या अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. केळीची केय झाली, जळगावचे जयगाव झाले, आणि मी तीन महिने केयवाला राहिलो. आमच्या असोद्याकडची बोली निराळी. तुम्ही भरभर बोलू लागलात की मला निम्मे कळे आणि उरलेल्या निम्म्यावर मी मान हलवी. वर्गात हात वर करून शंका विचारायला मला कधी कमीपणा वाटला नाही. पाटावर, चिखलात उभ्या असलेल्या माणसाला 'हे मला समजले नाही' असे म्हणायला मात्र वाटत होता. हे मला तेव्हा जाणवले नाही, इतका तो कमीपणा माझ्या अंगी मुरलेला होता.

पाण्याचा वेग मोजायचे एक यंत्र मी विद्यापीठातून उसने आणले होते. काठीच्या टोकाला छोटा पंखा, पाण्यात धरला की फिरायचा. तुम्ही त्याला पहिल्याच दिवशी भिंगरी म्हणालात. रोज सकाळी विचारायचात, "भिंगरी फिरनी का आज?" आणि मी गंभीरपणे आकडा सांगायचो. तो ऐकून तुम्ही बंधाऱ्याकडे नजर टाकायचात आणि "बराबर शे" म्हणायचात. एकदा तुम्ही "बराबर नही" म्हणालात. मी यंत्र उघडून पाहिले, तर पंख्यात शेवाळ अडकले होते. त्या दिवशी विमलवहिनींनी, तुमच्या सुनेने, माझ्यासाठी भाकरी आणि भरीत पाटावर पाठवले होते. तुम्ही भरिताचा घास घेत म्हणालात, की भिंगरी इंग्लंडची असली तरी शेवाळ इथलेच आहे. तुम्ही हसत होता. मीही हसलो. ही आठवण मी वर्गात किती वेळा सांगितली असेल, पण तिच्या दुसऱ्या दिवशीची आठवण कधीच सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्यापुढे हिशेब मांडला. बंधाऱ्याशी जितके पाणी पाटात शिरत होते, त्याचा मोठा वाटा शेवटच्या फडापर्यंत पोहोचतच नव्हता. मी म्हणालो, "आबा, एवढं पाणी वाटेत गळतं." तुम्ही मला दंडाला धरून पाटाच्या कडेने नेलेत. एका जागी खेकड्याने बीळ केले होते. त्यातून पाणी बाहेर वाहत होते आणि बांधाखाली चिखल झाला होता.

"हाई गयस," तुम्ही म्हणालात. बोलता बोलता गवत-मातीचा बोळा कोंबून ते बीळ बुजवलेत. मग पुढे गेलात. तिथे पाट मोकळ्या मातीतून शांत चालला होता. काठ कोरडा होता, कुठे काही वाहत नव्हते. तुम्ही फावड्याचा दांडा पाण्यात घालून तळाला टेकवलात.

"आनि हाई जिरस. गयनं येगयं, जिरनं येगयं."

"म्हणजे काय, आबा?"

"म्हंजे काय! तू जयगावना, तुले काय समजी!"

तेवढ्यात वरच्या फडातून कोणी हाक मारली आणि तुम्ही गेलात. तुम्ही थट्टा केली होती. मी ती मनाला लावून घेतली आणि पुन्हा विचारले नाही. दोन्ही शब्द वहीत मात्र जसेच्या तसे टिपले.

इंग्लंडात परतल्यावर प्रबंध इंग्रजीत लिहिताना त्या दोन्ही शब्दांसाठी मी एकच शब्द वापरला: लॉस. बिळातून वाहून गेलेले पाणी लॉस आणि तळातून जिरलेले पाणीही लॉस. दोन्हींची बेरीज केली, आलेख काढला आणि निष्कर्ष लिहिला, की पाटाला सिमेंटचे अस्तर केल्यास हे पाणी वाचेल. वर्गापुढे प्रबंध मांडताना सुशीलाने विचारले, "हे हरवलेलं पाणी जातं कुठे?" मी आकृतीवर बोट ठेवले. माझ्या अभ्यासाची सीमा पाटाच्या दोन काठांवर आखलेली होती. काठांबाहेर जे जाते ते अभ्यासाबाहेरचे, असे मी उत्तर दिले. रीतीला धरून होते, मान्य झाले. मला विशेष प्रावीण्य मिळाले.

आबा, वरच्या फडाशेजारच्या ज्या विहिरीचे पाणी मी तीन महिने प्यालो, ती विहीर त्या आकृतीत नव्हती.

पुढे पुष्कळ वर्षांनी पाटांच्या दुरुस्तीची एक योजना आली आणि तिच्या तांत्रिक समितीवर मी होतो. तुमच्या पाटाचे नाव यादीत मीच घातले. आधार म्हणून स्वतःचाच प्रबंध जोडला. मला वाटले, मी तुमचे ऋण फेडतो आहे. गावाच्या बैठकीत लोक साशंक होते. गोविंद नाना, ज्यांचे मळे आणि विहीर वरच्या अंगाला, ते उघड विरोधात होते. तेव्हा तुम्ही उठलात. मी ओट्यावर बसलो होतो आणि तुम्ही माझ्याकडे न बघता बोललात.

"भाऊ शिकेल शे. तो म्हनस ते बराबर ऱ्हाई."

केयवाल्याचा त्या दिवशी शिकलेला भाऊ झाला. गावाने तुमच्या शब्दावर अंगठे आणि सह्या दिल्या.

अस्तर झाले. खरे सांगायचे तर पहिली दोन वर्षे आनंदाची गेली. शेवटच्या फडाला कधी नव्हे ते वेळेवर पाणी मिळाले. तिथली माणसेही पिढ्यान् पिढ्या वाट पाहत होती; त्यांना पाणी मिळावे असे तुम्हाला वाटे, मलाही वाटे, आणि त्यात चूक काही नव्हती. मग उन्हाळ्यात वरच्या अंगाच्या विहिरी खोल जाऊ लागल्या. आधी गोविंद नानांची, मग पिण्याच्या पाण्याची, जिच्यावर निम्मे गाव विसंबून होते. चैत्रापासून टँकर यायला लागला. हे मला धुळ्याच्या एका सहकाऱ्याने सहज बोलता बोलता सांगितले. मला समजायला क्षणही लागला नाही. तुमचा फावड्याचा दांडा पाण्यातून तळाला टेकलेला डोळ्यांपुढे आला आणि 'जिरस' या शब्दाचा अर्थ त्या क्षणी कळला. पाटाच्या तळातून मुरणारे पाणीच त्या विहिरींना पोसत होते. मी तो तळ बुजवला होता.

त्यानंतर मी तुमच्या गावाला येणे टाळले. परीक्षा, बैठका, आईचे आजारपण; कारणे सगळी खरी होती. तुम्हाला मात्र फोन करत राहिलो. तुम्ही कधी तक्रार केली नाहीत. माधुरीचे शिक्षण चालले आहे, डोळ्यांना कमी दिसते आहे, एवढेच सांगायचात. गावाने पाटकरी बदलल्याचे तुम्ही मला सांगितले नाही. ते मला फार उशिरा कळले.

मग एके दिवशी तुम्ही माधुरीला घेऊन जळगावला माझ्या घरी आलात. तिने धुळ्याला स्थापत्यची पदवी घेतली होती. तुम्ही खुर्चीत न बसता जमिनीवर बसलात, बशीत चहा ओतलात आणि म्हणालात, "हाई मनी नात. हिले तुना मायक शिकनं शे."

तुझ्यासारखे शिकायचे आहे. मला तुमच्याकडे बघवेना, म्हणून मी तिच्याकडे बघत राहिलो. मी तिला तोच अभ्यासक्रम सुचवला, अर्ज तपासले, शिफारसपत्र लिहिले. तिचे वडील सुरतेला कामाला, विमलवहिनींना एवढ्या लांब मुलगी पाठवायची धास्ती. तुम्ही मात्र ठाम होता. एक शंका तेवढी तुम्हाला होती.

"तठे शिकाडतंस काय? पानी तर तठे बी खालेच जास ना?"

माधुरी म्हणाली, "आबा, तिथे ते खाली का जातं ते शिकवतात."

"आनि वर चढाडानं?"

"ते लाइटबिलवाले शिकवतात."

तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. त्या दिवशी आमच्या घरात किती आनंद होता, आबा! आणि त्या आनंदात मी काहीच बोललो नाही.

माधुरी गेली. तिच्या पहिल्या सत्रात तिला ग्रंथालयात माझा प्रबंध सापडला. तो कोणाच्या पाटाविषयी आहे, हे तिला दुसऱ्याच पानावर कळले असणार. गेल्या पौषात तिचा संदेश आला: "सर, तुमच्या प्रबंधात 'लॉस' म्हणजे नेमकं काय धरलंय? आमच्या विहिरींकडे जाणारं पाणीही त्यात आहे का?" मी लिहिले, "सविस्तर बोलू." आणि सविस्तर बोललो नाही.

त्याच आठवड्यात, संक्रांतीनंतर, मी तुम्हाला भेटायला आलो. सांगायचे ठरवूनच आलो होतो, हे तुम्हाला खोटे वाटेल. तुम्ही ओट्यावर उन्हात बसला होता. मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊनही फारसे दिसत नव्हते. मी पाया पडलो. तुम्ही माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवलात आणि एकदम विचारलेत,

"भाऊ, तू इंजिनेर शे. खरं सांग माले. पायी बांधाम्हा मनं कोठे चुकनं?"

पायी म्हणजे पाण्याची पाळी, एवढे समजले; बाकी मला प्रथम कळलेच नाही. मग तुम्ही थोडे थोडे सांगितलेत. विहिरी आटल्या तेव्हा लोकांनी तुम्हाला दोष दिला. तुमचा स्वतःचा तुकडा शेवटच्या फडात. तिथे पाणी पोहोचू लागले आणि वर विहिरी आटल्या. म्हणून म्हणू लागले, की आबांनी आपल्या वावरासाठी सिमेंटला सही दिली आणि पाळ्याही तशाच बांधल्या. गोविंद नानांनी पारावर चारचौघांत तुम्हाला पाणीचोर म्हटले. सारे आयुष्य पाळ्या बांधलेल्या माणसाच्या हातून फावडे काढून घेतले. लोक काय म्हणतात याचे तुम्हाला दुःख होते, पण त्याहून मोठे दुःख हे, की तुमचा स्वतःवरचा विश्वास गेला होता. तुम्ही जुन्या पाळ्या मनात पुन्हा पुन्हा मोजत होता. "मनंच काही तरी चुकनं व्हई," असे म्हणत होता. सिमेंटचा तुम्हाला संशयही नव्हता. ते मी सांगितले होते ना.

मी म्हणालो, "पाऊस कमी झालाय, आबा."

तुम्ही मान हलवलीत. एके काळी मी हलवत असे तशी. न पटलेल्या गोष्टीवर, समोरचा शिकलेला आहे म्हणून. मी चहा घेतला आणि निघालो. चूक प्रबंधात झाली तेव्हा मी अजाण होतो. तिची माफी असू शकेल. त्या उन्हातल्या ओट्यावर मी अजाण नव्हतो.

त्यानंतर बारा दिवसांनी तुम्ही गेलात.

अंत्ययात्रेला मी आलो आणि मागे उभा राहिलो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तोंडात घेऊन तसाच जळगावला परतलो. पुढचा आठवडा कसा गेला ते लिहीत नाही. आपल्याकडे दुःखाच्या घरी दारावर जाण्याची रीत आहे. अंगणात सतरंजी, पुरुष मुकाट बसतात, कोणी दोन शब्द बोलतो, चहाही न घेता उठतात. तिथे कोणी लांब बोलत नाही. मी नवव्या दिवशी दारावर गेलो आणि ती रीत मोडली. गोविंद नाना समोरच बसले होते. मी म्हणालो, "मला आबांविषयी सांगायचं आहे. विहिरी आबांच्या पाळीमुळे आटल्या नाहीत. त्या सिमेंटमुळे आटल्या, आणि सिमेंट माझ्या अहवालावरून झालं. आबांनी मला आधीच सांगितलं होतं, तळातून पाणी जिरतं म्हणून. मला ते कळलं नाही. आणि जेव्हा कळलं, तेव्हा मी गप्प बसलो."

मग गोविंद नानांनी विचारले,

"इतला वरीस तोंडम्हा काय धरेल व्हतं, साहेब?"

मी म्हणालो, "भीती."

त्यांनी मला समजावले नाही, रागावलेही नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि शेजाऱ्याला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे, म्हणाले, "आम्ही त्या मानूसले काय काय बोलनूत." तेव्हा विमलवहिनी दारातून बाहेर आल्या. पदर डोक्यावर, हातात माधुरीच्या शाळेच्या वहीतला कोरा कागद आणि पेन.

"जे सांगं, ते लिखी द्या. आबानं नाव लिखा तेन्हाम्हा. उद्या लोके इसरी जाथीन."

मी तिथेच सतरंजीवर बसून लिहिले. कोणत्याही प्रबंधाला लागला नाही इतका वेळ त्या एका पानाला लागला. तुमचे पूर्ण नाव, तुमचे दोन्ही शब्द अहिराणीत, आणि खाली माझी सही. पंधरा दिवसांनी ग्रामसभेत ते पान गोविंद नानांनी वाचून घेतले आणि नोंदवहीत चिकटवायला लावले. मग ते माझ्याकडे वळले.

"रडनं झायं. आते काय करनं शे, ते सांगा."

या प्रश्नाने मला उभे केले, आबा. मी सांगितले, की सगळे सिमेंट फोडले तर शेवटचा फड पुन्हा कोरडा राहील. पण विहिरींच्या अंगाला, जिथे तुम्ही दांडा टेकवला होता तिथे, बाजूच्या भिंती ठेवून फक्त तळ मोकळा करून पाहता येईल. किती पाणी जिरते आणि किती पुढे जाते, हे दोन्ही मोजावे लागेल. शेवटच्या फडातले काही जण कुरकुरले. "आम्हनं पानी तुम्हनी हीरम्हा जाई!" स्वतःच्या विहिरीचे नाव निघताच गोविंद नाना त्यांच्यावर ओरडणार होते, थांबले, आणि म्हणाले, की दोन्हीकडची माणसे बसवून मोजू. हा वाद मिटलेला नाही. एका बैठकीत मिटूही नये. पण पूर्वी तो तुमच्या नावाने चालायचा. आता पाण्याविषयी चालतो. योजनेच्या पुढच्या टप्प्यात खालच्या पाटालाही अस्तर व्हायचे होते, त्याला गावाने सध्या संमती दिलेली नाही, आणि वरचा तळ दोन वावरांच्या लांबीपुरता उघडायची परवानगी प्रयोग म्हणून मिळाली आहे.

माधुरीला मी सगळे लिहिले. दोन दिवस उत्तर आले नाही. मग आले: "सर, मी तुमच्यावर चिडलेली आहे आणि बराच काळ चिडलेली राहीन. तो भाग बाजूला ठेवते. तुमच्या मूळ वह्या आहेत का? छापलेल्या आकड्यांवर माझा विश्वास नाही." या ओळीने मला जेवढा धीर दिला तेवढा कोणाच्याही सांत्वनाने दिला नसता. मी स्वतःच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे हेच शिकवायचा प्रयत्न करत होतो, माझ्यापुढे उभे राहून हे म्हणण्याचे धाडस कोणी केले नव्हते. वह्यांचे पान न् पान मी तिला पाठवले. तिने प्रबंधाचा विषय बदलला आहे. तिच्या आकृतीची सीमा विहिरींच्या पलीकडे, ओढ्यापर्यंत जाते. ती भर उन्हाळ्यात येईल तेव्हा विहिरींची पातळी घेईल, आणि नदीला पाणी आले की पाटाची मोजणी करील. तुमचा शब्द तिने भाषांतरित न करता इंग्रजी प्रबंधात तसाच घेतला आहे. तिच्या मार्गदर्शक बाईंनी अर्थ विचारला, तर ही अर्धा तास सांगत बसली. फोनवर म्हणाली, "सर, त्यांनाही पहिल्यांदा कळलं नाही. पण त्यांनी तीनदा विचारलं."

तुमच्याकडे क्षमा मागावी असे अनेकदा मनात आले. पण तुम्ही ती देऊ शकत नाही अशा वेळी ती मागणे म्हणजे पुन्हा माझीच सोय पाहणे होईल. ती न मागता राहायला मी शिकतो आहे. तुमच्याविषयी कृतज्ञता मात्र मनात भरून आहे, आणि ती व्यक्त करायला कोणाची परवानगी लागत नाही. तुम्ही मला तीन महिने पाटावर फिरवलेत, ताप आला तेव्हा उशाशी बसलात, नातीला माझ्या हवाली केलेत. ज्याने तुमचे नाव घालवले त्याच्याच दारात तुम्ही ती पोर आणलीत. आज तीच तुमचे म्हणणे जगापुढे मांडते आहे. हे मी जुळवून आणलेले नाही. तुम्ही आणलेत, नकळत.

रब्बीची शेवटची पाळी संपली आहे, पाट कोरडा आहे. सोमवारी तळ फोडायला सुरुवात होईल. दोन्ही फडांतली माणसे येणार आहेत, गोविंद नाना येणार आहेत. मी विमलवहिनींना विचारले, की मी आलो तर चालेल का. त्या म्हणाल्या, "सात वाजता येजा. पहार आम्हनी शे. हात तुम्हना लागतीन."

येतो, आबा.